किलमार्डीच्या सहा वह्या

रोवेनाची आणि माझी ओळख माझ्या आईच्या खाटेशी झाली. आई शेवटचे अडीच महिने वसईतल्या एका नर्सिंग होममध्ये होती. ती कुणालाच ओळखेनाशी झाली होती. मी भरवायला गेले की तोंड फिरवायची. रोवेना तिथे नर्स होती. ती खाटेजवळ स्टूल ओढून नुसती वाटी धरून बसायची, बोलायची काही नाही, आणि दहा-पंधरा मिनिटांनी आई आपणहून तोंड उघडायची. एकदा मी विचारलं, "हे तुम्हाला कसं जमतं?"

"टीचर, मला घाई नसते," ती म्हणाली.

मी इथल्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला, म्हणून मी टीचर. मी मूळची साताऱ्याकडची, लग्नानंतर वसईत फ्लॅट घेऊन राहिलेली. ती वसईतल्याच पापडी गावची. तिचा नवरा आखातात कामाला होता, तिथेच हृदय बंद पडून गेला. तेव्हा ही बत्तीस वर्षांची. मूल नव्हतं. ती वडिलांकडे परत आली ती कायमचीच. लग्नाने आडनाव बदललं होतं, पण गावात सगळे तिला इनास तुस्कानोची रोवेना म्हणूनच ओळखत.

इनास तुस्कानोंची दोन एकरांची वाडी होती. केळी, नारळ, थोड्या पानवेली, कुंपणाला सोनचाफा. मधोमध बावखल, म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवणारं जुनं तळं. पूर्वी वसईच्या बहुतेक वाड्यांत असं एकेक असायचं. त्या बावखलाच्या काठावर हाडळ नावाच्या वारली कुटुंबाचं घर होतं. इनासच्या वडिलांनी त्यांना शिंपण्याच्या कामासाठी आणून ठेवलं, ते तिथेच राहिले. रोवेनाच्या लहानपणी त्या घरात म्हातारी काळी, तिचा मुलगा आणि सून सोमी असे राहायचे. पुढे काळी गेली, सोमीचा नवरा गेला. आता सोमी सत्तरीची, तिचा मुलगा सुरेश टेम्पो चालवतो, त्याची बायको आणि दोन मुली. घर त्यांचं, पण कागद कशाचाच नव्हता. विजेची वायर मालकांच्या मीटरवरून आलेली.

वडील गेल्यावर सातबाऱ्यावर दोन नावं चढली, थोरला भाऊ ॲन्सेल्म आणि रोवेना. वाडी ॲन्सेल्म बघायचा. रोवेना ड्युटी करायची. असं बरं चाललं होतं.

२०२२ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, रोवेना अचानक स्कॉटलंडला निघाली. तिकडे म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला माणसं हवी होती, आणि तिच्या नर्सिंग होममधल्या दोघी आधीच गेल्या होत्या. मी म्हटलं, "या वयात कशाला?" ती म्हणाली, "टीचर, मी वसईच्या स्टेशनापलीकडे काही बघितलेलं नाही. एकदा जाऊन येते."

दीड वर्षाने ती परत आली आणि चौथ्याच महिन्यात माझ्या दारात उभी राहिली. हातात कापडी पिशवी. पिशवीतून तिने सहा लांब वह्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या. जाताना इथूनच नेलेल्या, शाळेच्या पोरांच्या असतात तशा, पण आत ओळ न सोडता तिचं बारीक अक्षर.

"हे इंग्लिशमध्ये करायचंय," ती म्हणाली. "तुम्ही इतिहासाच्या आहात. मला दुसरं कुणी सुचत नाही."

मग तिने जे सांगितलं ते असं.

तिला मिस इझोबेल रेनी नावाच्या बाईंकडे पाठवलं होतं. वय एक्याण्णव. किलमार्डी नावाच्या किल्ल्यात त्या एकट्या राहायच्या. किल्ला म्हणजे आपल्या वसईच्या किल्ल्यासारखा गावाएवढा तट नव्हे. एकच उंच दगडी मनोरा, त्याला नंतर जोडलेल्या दोन बाजू, भोवती ओसाड टेकड्या. मनोऱ्याची भिंत एवढी जाड की खिडकीच्या कोनाड्यात रोवेना पाय पसरून बसू शकायची. चाळीसेक खोल्यांपैकी तीन खोल्यांत शेगडी पेटायची. बाकीच्या खोल्यांना कुलपं.

मिस रेनींचे हात सतत थरथरायचे. चहाचा कपसुद्धा धरवत नसे. पण डोकं लखलखीत. एजन्सीने तीन बायकांची माहिती पाठवली होती. त्यांतून त्यांनी रोवेनाला निवडलं ते पत्त्यामुळे. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला जिन्यात टांगलेलं एक चित्र बघायला सांगितलं. फिकट रंगांतलं, समुद्राकाठचा तट, त्यात एक दरवाजा, दोन माड. रोवेनाने तो दरवाजा लगेच ओळखला. तिच्या गावची पोरं तिथे मासे धरायला जातात.

"आमचा एक पूर्वज तुमच्या गावी लढायला आला होता," मिस रेनी म्हणाल्या. "त्याच पैशाने ही पूर्वेची बाजू बांधली. तुम्हाला इथे झोपताना थंडी वाजली तर त्याला शिव्या द्या."

दुपारचा चहा झाला की त्या बोलायच्या. किलमार्डीचा मनोरा चारशे वर्षांपूर्वी एका रेनीने बांधला. तो शेजाऱ्यांची गुरं पळवायचा, आणि शेजारी परत न्यायला येतील म्हणून भिंत जाड ठेवली. पुढे तिथे राजासाठी दोन पक्ष पडले. एक राजा लंडनमध्ये बसलेला, दुसरा राजपुत्र समुद्रापलीकडून आलेला. रेनी घराण्यातल्या दोन भावांनी जेवणाच्या टेबलावर ठरवलं की एकाने इकडून लढायचं, एकाने तिकडून. कुणीही जिंको, किल्ला घरातच राहील. राजपुत्राकडून लढलेला थोरला रणात पडला. धाकट्याने किल्ला राखला आणि भावाचं नाव घरात घेऊ दिलं नाही. त्याचा मुलगा आर्चिबाल्ड कंपनीच्या फौजेत भरती होऊन मुंबईला आला आणि १७८० साली वसईच्या वेढ्यात होता. ते चित्र त्याच्या हातचं.

मिस रेनी स्वतः त्या किल्ल्याच्या मालक नव्हत्या. त्या घराण्यात सगळं मुलाकडे जायचं. वडिलांनंतर त्यांचा भाऊ, भावानंतर पुतण्या अलिस्टर. बाईंना फक्त मरेपर्यंत राहण्याची मुभा. ज्या घरात जन्मल्या त्यात त्या एक्याण्णव वर्षं पाहुण्यासारख्या राहिल्या. अलिस्टरने किल्ला एका हॉटेल कंपनीला द्यायचं ठरवलं होतं, बाई गेल्यावर. पाहुण्यांसाठी घराण्याचा इतिहास छापायचाही बेत होता. जुनं चामडी बांधणीचं एक पुस्तक घरात होतंच, आजोबांनी छापून घेतलेलं.

"त्या पुस्तकात एक पान खोटं आहे," मिस रेनी एके दिवशी म्हणाल्या. "ते मला नीट करून जायचंय. माझ्याने लिहवत नाही. तुम्ही लिहाल?"

रोवेनाचं इंग्लिश कामापुरतं. बाई बोलायच्या त्या वेगाने तिला इंग्लिशमध्ये लिहिता येईना. दोन दिवस तिने प्रयत्न केला, मग सरळ मराठीत लिहायला लागली. लिहून झालं की मोडक्या इंग्लिशमध्ये बाईंना वाचून दाखवायची, त्या दुरुस्त करायच्या. हिवाळाभर हेच. तिकडे साडेतीनलाच अंधारतं. शेगडीजवळ एक म्हातारी बोलते आहे आणि पापडीची बाई तिच्या घराण्याचा इतिहास मराठीत उतरवते आहे. मला ते ऐकताना हसू आलं. रोवेना हसली नाही.

किलमार्डीच्या मागे एक लांबट दरी होती. तिथे बत्तीस घरं होती. आर्चिबाल्डच्या मुलाने १८१९ मध्ये ती दरी मेंढ्यांना मोकळी करायची ठरवली. त्याच्या कारभाऱ्याने मालकाला रोज पत्र लिहून कळवलं, आज कुठलं घर रिकामं करून झालं. ती पत्रं मिस रेनींच्या पेटीत होती. लहानपणी त्यांना ती सापडली तेव्हा वडिलांनी काढून घेतली, आणि मरताना परत दिली. त्यांतली नावं त्यांनी रोवेनाला एकेक करून सांगितली. डंकन मॅकफेल, आंधळा, बाहेर येईना म्हणून छपराला आग लावली. मोराग, विधवा, तीन मुलं, एक गाय. एक बाळंतीण घोंगडीत घालून बाहेर ठेवली, पाऊस होता. त्यांतली काही माणसं कॅनडाच्या जहाजावर चढली, काही समुद्रकाठी शेवाळ गोळा करून जगली, काहींचं काही कळलं नाही. पुस्तकात याबद्दल एकच वाक्य होतं.

मिस रेनी फेब्रुवारीत गेल्या. सहावी वही निम्मी झाली होती. अलिस्टर दफनासाठी आला, तो राहिलाच. त्याने पेटी गाडीत घातली. पत्रांचे फोटो काढून ठेवावेत हे रोवेनाला सुचलंच नव्हतं. मग तो तिच्या खोलीत आला. आवाज चढवला नाही. "आत्याने तुम्हाला काही लिहायला सांगितलं होतं का?"

वह्या पलंगावरच होत्या. त्याने एक उघडली, पानं उलटली.

"हे काय आहे?"

"माझ्या प्रार्थना," रोवेना म्हणाली. "आणि जेवणाच्या कृती."

त्याने वही परत ठेवली. आठवड्याने ती विमानात बसली.

हे सांगताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. "मी जन्मात इतकं सरळ खोटं बोलले नव्हते, टीचर. फादरांकडे कन्फेशन केलं. ते म्हणाले, तुझा हेतू चांगला होता. पण मला तेव्हा हेतूबितू काही नव्हता. मी घाबरले होते."

दर मंगळवारी तिला सुट्टी असे. ती दुपारी यायची, मराठी वाचायची, मी कॉम्प्युटरवर इंग्लिश करायची. जुलै-ऑगस्ट आमचे त्यात गेले. चौथ्या वहीत दरी आली. तिने बत्तीस घरं वाचली, मी बत्तीस घरं लिहिली. मग पुस्तकातलं ते खोटं वाक्य आलं. 'दरीतील लोक नव्या देशात नशीब काढण्यासाठी आनंदाने निघून गेले व त्यानंतर दरीत कोणाचेही वास्तव्य नव्हते.'

रोवेना थांबली. मी म्हटलं, "पुढे?" ती उठली, पिशवी उचलली आणि चहासुद्धा न घेता गेली. मला वाटलं बरं वाटत नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती परत आली. हातात कागदांचा जुडगा. "सातवं कलम वाचा."

तो साठेकरार होता, वाडी विकण्याचा. गावात मी ऐकलं होतं की तुस्कानोंची वाडी बिल्डरकडे चालली, पण तिच्याशी बोलले नव्हते. सातवं कलम असं होतं. 'सदर मिळकतीवर मालकांखेरीज अन्य कोणाचाही कब्जा, वहिवाट अथवा वास्तव्य नाही.'

"खाली सही कुणाची आहे?"

"तुमची."

"विमानातून उतरून बारा दिवस झाले होते. दादाने बोट ठेवलं तिथे मी सही केली. वाचलंच नाही."

मी समजूत घालायला म्हटलं, "रोवेना, हा ठरीव मजकूर असतो. सगळ्याच करारांत असतो."

"मिस रेनींच्या पुस्तकातही ठरीवच होता," ती म्हणाली.

त्याच दिवशी ती सोमीकडे गेली. हे मला तिने नंतर सांगितलं. सोमी ओसरीवर सुक्या मिरच्या निवडत होती. रोवेनाने तिला करार सांगितला, सही सांगितली. सोमीचा हात थांबला नाही.

"ठाऊक हाय. आम्हाला दिवाळीपर्यंत निघायला सांगितलंय."

"कुणी?"

"तुझ्या भावानं. तू गेली होतीस तवाच. आम्हाला वाटलं तुलाबी ठाऊक असेल." मग एका मिरचीचं देठ खुडत, "म्हनून तू आल्यापासून इकडं आली नाहीस, असं वाटलं."

रोवेना आली नव्हती हे खरं. परत आल्यावर ती नर्सिंग होममध्ये लागली, वह्यांत अडकली. पाच-सहा महिन्यांत बावखलापर्यंत दोनशे पावलं चालायला तिला सवड झाली नव्हती. सोमीने तिला तेवढंच बोलून दाखवलं.

ॲन्सेल्म वाईट माणूस नाही. मी त्याला ओळखते, चर्चच्या कार्यक्रमांत खुर्च्या मांडण्यापासून सगळं करणारा. त्याची बाजू रोवेनानेच मला सांगितली, जशीच्या तशी. त्यांच्या घरात त्यांची बोली बोलतात, मी माझ्या मराठीत लिहिते.

"तू तिकडे होतीस," तो म्हणाला. "टँकरवाल्यांनी एवढं पाणी उपसलं की आपली विहीर खारट झाली. पानवेल करपली. कामाला माणूस मिळत नाही. माझे गुडघे बघ. माझ्या कॅल्विनला वाडीत पाय टाकायचा नाही. मी कुणासाठी राखू?"

"विकू नको असं मी म्हणतच नाही. सोमीचं काय?"

"बिल्डर त्यांना नालासोपाऱ्यात खोली देणार आहे."

"कागदावर आहे?"

"तसं बोलणं झालंय."

"मग कागदावर आण. आणि सातवं कलम बदल. तिथे त्यांची नावं घाल."

"नावं घातली तर जमीन क्लिअर राहत नाही, रोवे. तो घेणारच नाही."

"मग नको घेऊ दे."

तो म्हणाला, "पप्पांच्या जमिनीवर तू सोमीला बसवतेस आणि मला उठवतेस." तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

खरेदीखताच्या दिवशी रजिस्ट्रार ऑफिसात सगळे जमले. बिल्डरचा माणूस, वकील, ॲन्सेल्म, त्याची बायको, मुलगा कॅल्विन. रोवेनाही गेली, पण सही करणार नाही हे सांगायला. दोन गुंठे आणि घर हाडळांच्या नावे वेगळं काढा, मग बाकीचं घ्या, एवढंच तिचं म्हणणं. कॅल्विन ओरडला, "आंटी, तुम्ही गोऱ्यांची सेवा करून आलात आणि आता आम्हाला शिकवता?" वकिलाने तिला बाजूला नेऊन सांगितलं की साठेकरारावर सही केलेली असताना आता मागे फिरलात तर कोर्टात खेचतील. ती सही न करता घरी आली. पुढे दोनदा फादरांनी दोघांना समोरासमोर बसवलं. काही झालं नाही. वडिलांच्या घरात तिच्या दोन खोल्या आणि ॲन्सेल्मचा भाग यांच्या मधल्या दाराला त्याच्या बाजूने कडी लागली. नाताळला ती एकटी जेवली, म्हणजे माझ्याकडे जेवली.

जानेवारीत, ती सकाळच्या ड्युटीवर असताना सुरेशचा फोन आला. ती युनिफॉर्मवरच रिक्षाने निघाली. पोचली तोवर जेसीबी निघून गेला होता. घर नव्हतं. छपराचे पत्रे मात्र सुरेशने आधीच उतरवून नीट रचले होते, पत्रे तरी वाचावेत म्हणून. सोमी पाट्यावर बसली होती. बावखलात दोन डंपर भराव पडला होता, पाण्यावर विटांचा लाल तवंग.

ॲन्सेल्म म्हणाला, मला माहीत नव्हतं, बिल्डरच्या माणसांनी परस्पर केलं. ते खरं असेलही. रोवेनाने त्याला विचारलं नाही, तो दुसऱ्यांना सांगत होता ते तिने ऐकलं.

ती सगळ्यांना आपल्या दोन खोल्यांत घेऊन आली. अकरा दिवस सहा माणसं तिथे राहिली. बाराव्या दिवशी सुरेशने विरार पूर्वेला मनवेलपाड्यात चाळीत खोली घेतली. निघताना रोवेना म्हणाली, "सोमीबाय, राहा ना. मी एकटीच आहे."

सोमी म्हणाली, "इथं आम्ही पाहुनी झालो, बाय. वाडीत आम्ही पाहुनी नव्हतो."

त्यानंतर रोवेनाने जे केलं ते मी जवळून पाहिलं, कारण अर्ज लिहायला ती माझ्याकडेच आली. आदिवासींच्या एका संघटनेचा कार्यकर्ता मदतीला होता. तिने तहसील कार्यालयात प्रतिज्ञापत्र दिलं, आपल्या स्वतःच्या सहीच्या विरुद्ध. साठेकरारातलं सातवं कलम खोटं आहे, मी न वाचता सही केली, त्या जागेवर हाडळ कुटुंब माझ्या जन्माआधीपासून राहत होतं. मग तिने नावं घातली. काळी हाडळ, मयत. तिचा मुलगा, मयत, वाडीतच साप चावून. सोमी. सुरेश, जन्म याच घरात. त्याची बायको, दोन मुली, मोठी दहावीत. घराला दोन दारं, मागे न्हाणी, एक आंब्याचं झाड सोमीने लावलेलं. टाइप करणारा माणूस वैतागला. "मॅडम, एवढं कशाला? 'हाडळ व इतर' लिहू."

"इतर कोण?" रोवेना म्हणाली. "नावं लिहा."

किलमार्डीचंही आम्ही पुरं केलं. इंग्लिश प्रत त्या भागातल्या एका गावच्या ग्रंथालयाला पाठवली. दोन ओळींची पोच आली. महिन्याभराने अलिस्टरच्या वकिलाचं पत्र आलं. मूळ पत्रं अस्तित्वात नाहीत, त्यामुळे हा मजकूर निराधार समजावा, प्रसिद्ध करू नये. रोवेनाने ते तीनदा वाचलं. "पेटी त्यानेच नेली," एवढंच म्हणाली. हॉटेलची वेबसाइट आम्ही पाहिली. फोटो सुंदर आहेत. घराण्याच्या इतिहासाच्या पानावर दोघा भावांची गोष्ट आहे, गुरं पळवणारा पूर्वज आहे. दरीसाठी एक ओळ आहे, तीच.

पंचनाम्याची तारीख मात्र लागली. नोव्हेंबरातली सकाळ होती. मंडळ अधिकारी, तलाठी, दोन पंच, कार्यकर्ता. मीही गेले. सोमीला सुरेशने टेम्पोतून आणलं. जागेवर गुडघ्याएवढं गवत. अधिकारी म्हणाले, "घर कुठे होतं ते दाखवा." सोमी गवतात शिरली. इथं दार, इथं चूल, इथं माझी सासू निजायची. तलाठी तिच्या मागून टेप लावत गेला. आंब्याचं झाड जेसीबीने काढलं होतं, पण खोडाचा बुंधा सापडला.

ॲन्सेल्म कुंपणाशी उभा होता. अधिकाऱ्यांनी त्याला बोलावलं.

"तुम्ही इथे लहानाचे मोठे झालात. ही माणसं इथे राहत होती?"

त्याने अर्ध्या बुजलेल्या बावखलाकडे नजर वळवली. मग म्हणाला, "कामाला यायची. राहायला होती का, ते आठवत नाही."

रोवेनाने डोळे मिटले. सोमी गवतातून दोन पावलं पुढे आली.

"ॲन्सेल्मदादा, तू माडावरून पडलास, पाय मोडला, तवा माझी सासू तुला पाठीवर घेऊन दीड महिना शाळेत न्यायची. कुठल्या घरातून निघायची रे ती?"

अधिकाऱ्यांनी दोघांचंही लिहून घेतलं. रोवेनाचाही जबाब झाला. सह्या झाल्या, सोमीचा अंगठा झाला. परत जाताना रोवेनाने सुरेशच्या मुलींसाठी केळ्यांचा फणा टेम्पोत ठेवला. सोमीने विचारलं, "आता काय होईल, बाय?"

"तारीख पडेल," रोवेना म्हणाली. खोटी आशा द्यायला ती तयार नव्हती.

प्रकरण अजून चालू आहे. बिल्डरने आपला वेगळा दावा लावलाय, त्यात रोवेना प्रतिवादी आहे. वाडी विकली गेली नाही आणि कुणी कसतही नाही. सोमी मनवेलपाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहते. जिना उतरायला तिला भीती वाटते म्हणून फारशी खाली येत नाही. रोवेना महिन्यातून दोनदा जाते.

पंचनाम्यानंतर दोन आठवड्यांनी, रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपून ती घरी आली तर ॲन्सेल्म तिच्या बाजूच्या पायरीवर बसलेला. शर्टाची बाही कोपरापर्यंत गुंडाळलेली. डॉक्टरने रोज प्रेशर बघायला सांगितलंय, एवढंच म्हणाला. तिने आतून मशीन आणलं, पट्टा बांधला, हवा भरली. एकशे सत्तरवर होतं.

"गोळी घेतलीस?"

"नाही."

तिने पाणी आणून दिलं. तो गोळी घेऊन पाच मिनिटं बसला. तेव्हापासून तो रोज येतो. ती आकडा एका कागदावर लिहून ठेवते.

"टीचर, रोज वाटतं आज काहीतरी बोलेल," ती मला म्हणाली. "मीही काही विचारत नाही. पट्टा सोडते."

मग तो बाही खाली करतो आणि घराला वळसा घालून आपल्या दाराने आत जातो.